वरून तर कावळाही बघतो

अक्कांच्या तोंडून 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' हा शब्द मी सात वर्षांत एकदाच ऐकला. एरवी त्या दिशांनीच बोलायच्या. "पूर्वेच्या कपाटातली फाईल काढ." "तुझ्या दक्षिणेच्या गालाला शाई लागलीय बघ." कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्यालासुद्धा त्या सांगायच्या, चटणी पश्चिमेला वाढ, सांबारात जाऊ देऊ नको. तो बिचारा ताट हातात धरून स्वतःभोवती गोल फिरायचा.

आमचा भूगोल विभाग तिसऱ्या मजल्यावर होता आणि अक्का तिथल्या ऑफिसच्या मुख्य. परदेशातून एका सेमिस्टरसाठी मुलं यायची. त्यांनी कोणते विषय घ्यायचे ते ठरवून देणं हे कागदोपत्री विभागप्रमुखांचं काम. पण विभागप्रमुख कायम मीटिंगमध्ये, त्यामुळे ते काम कधीतरी अक्कांच्या टेबलावर आलं आणि तिथंच राहिलं. मी त्यांच्या हाताखाली टायपिंग आणि ईमेल बघायला लागले तेव्हा लग्न होऊन नुकतीच निपाणीकडून बेंगळुरूला आले होते. नवरा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात लेथवर, घर यशवंतपूरला, आणि ओळखीचं शहरात कोणीही नाही.

पहिल्या दिवशी अक्कांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि माझं गाव विचारलं. "कोणत्या ऊरची गं तू?"

"निपाणीजवळची."

"म्हणजे घरात मराठी?"

"मराठी पण, कन्नड पण."

"आमचं पण तसंच. आमचे लोक इथं येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झाली, तरी चुलीपाशी मराठीच चालते. फक्त तुमची मराठी आम्हाला पुस्तकातली वाटते. आणि आमची तुम्हाला?"

"गोड वाटते," मी म्हटलं.

"खोटं बोलू नको. स्वल्प विचित्र वाटते. सरी?"

कन्नडातलं ते 'सरी', म्हणजे 'बरोबर ना', ऐकून मी हसले. मग त्यांनी माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला. "घरून इथपर्यंत आलीस ती वाट काढून दाखव. फोन बघायचा नाही."

मी घर काढलं, फुलवाली काढली, बसस्टॉप, देऊळ आणि विद्यापीठाचं गेट. अक्कांनी कागद उत्तर वर येईल असा फिरवला. "यात चढ कुठाय?"

"चढ आहे?"

"उद्या बस दोन स्टॉप आधी सोड आणि पायांना विचारून ये."

दुसऱ्या दिवशी खरंच चढ होता. चांगला दम लागेल असा.

हीच परीक्षा त्या परदेशी मुलांची घ्यायच्या. मुलं विषयांची यादी घेऊन यायची. नद्या, माती, हवामान, लोकसंख्या, शहरं, नकाशाशास्त्र, असे पंधरा-सोळा विषय. त्यातले चार निवडायचे. मुलांना वाटायचं, फॉर्मवर सही घेतली की झालं. अक्का यादीकडे बघायच्याही नाहीत. कोरा कागद पुढे करायच्या. मुलगा काय काढतो यापेक्षा काय विसरतो यावर त्यांचं लक्ष. ज्याच्या कागदावर माणसं नसायची त्याला लोकसंख्या. जो नुसत्या भिंती आणि गेटं काढायचा त्याला नद्या, कारण पाणी गेट बघून थांबत नाही. एका मुलीनं वाटेतली सगळी कुत्री काढली होती, प्रत्येकाच्या रंगासकट. तिला काय द्यावं यावर अक्का दोन दिवस विचार करत होत्या. शेवटी त्यांनी तिला वस्त्यांचा भूगोल दिला. "कुत्र्याला हद्द कळते," त्या म्हणाल्या, "त्या मुलीला पण कळेल."

ऑस्ट्रेलियाहून एक ताडमाड मुलगा आला होता. त्याला सगळे वर्ग मंगळवार-बुधवारी हवे होते, म्हणजे उरलेले दिवस गोव्याला जाता येईल. हे त्यानं अक्कांना अगदी भोळेपणानं सांगितलं. त्याच्या कागदावर वाटेतल्या सगळ्या खाण्याच्या जागा होत्या, दोन इडलीच्या गाड्यांसकट. अक्कांनी त्याला 'बाजारांचा भूगोल' दिला. त्याचं फील्डवर्क दर शनिवारी पहाटे पाचला, यशवंतपूरच्या घाऊक बाजारात. दोन शनिवार तो तोंड पाडून गेला. तिसऱ्या शनिवारी मी भाजीला गेले होते, तर हा पोत्यावर बसून हमालांबरोबर चहा पीत होता. मला बघून ओरडला, "या बटाट्याची माती बघा! लाल! हासनचा आहे!" गोव्याला तो गेला नाही असं नाही. गेला, पण तिथून त्यानं अक्कांना मासळीबाजाराचे चाळीस फोटो पाठवले.

अशा गोष्टींमुळे अक्कांना वाटायला लागलं होतं की आपला अंदाज कधी चुकत नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

सोळा विषयांपैकी एका विषयाकडे मात्र त्या कुणालाच पाठवायच्या नाहीत. रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून जमीन वाचायची. कुणी मागितलाच तर म्हणायच्या, "वरून बघून काय कळतंय? वरून तर कावळा पण बघतो. तो कधी भूगोलात पास झाला काय?"

यामागे एक भांडणही होतं. आमच्या ऑफिसच्या शेजारी रिमोट सेन्सिंगची लॅब झाली तेव्हा लॅबमध्ये उजेड नको म्हणून तिथल्या सरांनी मधली भिंत वाढवली आणि अक्कांची पूर्वेची खिडकी बुजली. सकाळचं ऊन गेलं. त्याला नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. काम असलं की चिठ्ठ्या. चिठ्ठ्या पोचवायला मी. सरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, 'मान. अधीक्षक मॅडम यांस'. अक्कांच्या चिठ्ठीवर, 'खिडकी बुजवणाऱ्यांस'.

मग पोलंडहून मार्ता आली. नाव ऐकल्यावर अक्का मला म्हणाल्या, "मार्ता? म्हणजे मराठा! आपल्यातलीच दिसते!" आणि स्वतःच्या विनोदावर खूप हसल्या. मार्ताला काही कळलं नाही. ती सरळ बसून राहिली. केस घट्ट बांधलेले, यादीवर चार विषयांपुढे आधीच खुणा केलेल्या. पहिली खूण रिमोट सेन्सिंगपुढे.

अक्कांनी कागद दिला. मार्तानं दहा मिनिटांत जे काढलं तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उत्तर वर. अंतरं प्रमाणात. छपरांचे आकार, रेल्वेचे रूळ, मैदानाचा कोपरा, सगळं जिथल्या तिथं. इथं यायच्या आधी तिनं महिनाभर बेंगळुरूची उपग्रहचित्रं बघितली होती.

"यात एक पण माणूस नाही," अक्का तिला म्हणाल्या. त्या मुलांशी इंग्रजीच बोलायच्या, पण चाल कन्नडची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नो?' यायचा. "चढ नाही, वास नाही. छपरं दिसतात, दारं दिसत नाहीत. तू वरून आलीस इथं. तुला खाली उतरवायला पाहिजे, नो?"

"पण मला रिमोट सेन्सिंग हवंय," मार्ता म्हणाली.

"त्याच्या जागी 'पाणी आणि वस्ती' घे. पायी फिरायचं, तळी बघायची, लोकांशी बोलायचं."

"मला रिमोट सेन्सिंग हवंय. माझ्या विद्यापीठानं सांगितलंय."

"तुझ्या विद्यापीठाचं मी बघते."

मार्तानं तिसऱ्यांदा सांगितलं. अक्कांनी हात हलवला. नवीन देश, समोर एवढी मोठी बाई, मार्तानं मान खाली घातली आणि फॉर्म बदलला. टाईप मी केला. तिच्या विद्यापीठाकडून आलेल्या यादीत रिमोट सेन्सिंगपुढे चांदणीची खूण होती. मी अक्कांना विचारलंसुद्धा, "ही चांदणी कशाची हो?"

"असेल काहीतरी. छापणाऱ्याची हौस," अक्का म्हणाल्या. मी पुढे काही बोलले नाही. ते माझंही चुकलं.

सहा आठवड्यांनी पोलंडहून ईमेल आली. मीच उघडली. चांदणीचा अर्थ होता, सक्तीचा विषय. त्याशिवाय मार्ताची पदवी पुरी होणार नव्हती. एक वर्ष वाढणार होतं, आणि येत्या उन्हाळ्यात तिची तिकडच्या सर्वेक्षण खात्यात नोकरी ठरलेली होती, तीही जाणार होती.

मी ईमेल छापून अक्कांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढला, परत घातला. मग म्हणाल्या, "ती... ती डावीकडची फाईल दे गं."

मला आधी कळेना काय मागताहेत. मग उठून फाईल काढून दिली.

मार्ताला बोलावलं. विभागप्रमुखही आले होते. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. उभी राहून अक्कांना म्हणाली, "मी तीनदा सांगितलं. तीनदा. तुम्ही माझा कागद बघितला, मला ऐकलं नाही."

विभागप्रमुख काहीतरी गुळमुळीत सांगू लागले, की गैरसमज, दोन्हीकडून, वगैरे. अक्कांनी त्यांना थांबवलं. "गैरसमज नाही सर. चूक माझी आहे. हिची नाही, टाईप करणारीची पण नाही. एकटीची माझी." मग मार्ताला म्हणाल्या, "स्वल्प थांब. बस इथं." आणि उठून निघाल्या.

त्या कुठं जाताहेत हे बघायला मी मागोमाग गेले. अक्का लॅबच्या दारात उभ्या होत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आत सर कॉम्प्युटरपुढे. ते मला बघून म्हणाले, "चिठ्ठी आहे का?"

"चिठ्ठी नाही. मीच आले," अक्का म्हणाल्या. "एका मुलीला सहा आठवडे उशिरा घ्यायचंय. माझ्यामुळे राहिली ती."

सरांनी खुर्ची पुढे केली नाही, पण दारही लावलं नाही. त्यांनी विचारलं, राहिलेली सहा आठवड्यांची प्रॅक्टिकलं कोण करून घेणार? वर्ग चारला संपतात, मग लॅब बंद. ऑफिसचं कोणी जबाबदार माणूस बसलं तरच उघडी ठेवता येते.

"मी बसते," अक्का म्हणाल्या. "चार ते सहा. रोज."

त्याच दिवशी मी पोलंडला ईमेल लिहिली. अक्कांनी शब्द सांगितले, त्यात 'माझी चूक' दोनदा होतं. मी एकदा कमी केलं तर त्यांनी परत घालायला लावलं. चार दिवसांनी उत्तर आलं. आठवड्याच्या आत नोंदणी झाली आणि प्रॅक्टिकलं सगळी पुरी झाली, तर चालेल.

मग रोज चार वाजता अक्का डबा आणि किल्ली घेऊन लॅबमध्ये जायच्या. पहिल्या दिवशी सोबत विणकाम नेलं. मार्ता त्यांच्याशी बोलत नव्हती. मी फाईली लावायच्या निमित्तानं तिथंच. दुसऱ्या दिवशी डब्यातलं चित्रान्न त्यांनी मार्ताच्या बाजूला सरकवलं. तिनं खाल्लं, पण मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी अक्कांची नजर पडद्यावर गेली.

"हे लाल काय आहे सगळं?"

"झाडं," मार्ता म्हणाली.

"झाडं लाल? तुमच्या सरांना डोळे तपासायला सांग."

मागून आवाज आला. सर दारात होते. "लाल म्हणजे जिवंत, मॅडम. या चित्रात जेवढं लाल, तेवढं जिवंत."

"जिवंत ते हिरवं असतं. मी रोज बघते."

"तुम्ही डोळ्यांनी बघता. हे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचं चित्र आहे."

"न दिसणारा उजेड? आमचा दिसणारा उजेड तुम्ही बुजवलात, आणि न दिसणारा दाखवताय?"

सर फस्सकन हसले. मार्ताला सगळी गोष्ट मी सांगितली, खिडकीसकट. ती पण हसली. ती आल्यापासून पहिल्यांदा तिला मोठ्यानं हसताना पाहिलं. त्या दिवशी लॅब साडेसहापर्यंत चालली. सर उभे राहून समजावत होते, अक्का भांडत होत्या.

विणकाम परत दिसलं नाही. अक्का वही आणायला लागल्या. काळं म्हणजे पाणी, निळसर राखाडी म्हणजे घरं, असं लिहून घ्यायच्या. एकदा मार्तानं त्यांना विचारलं, "तुम्ही भूगोल कुठं शिकलात?"

"शिकले नाही," अक्का म्हणाल्या. "वडील इथं नोकरीत होते. ते गेले, त्यांच्या जागी मला घेतलं. वीस वर्षांची होते. मुलं सहलीला जायची तेव्हा मी डोकी मोजायला जायची. किती गेली, किती परत आली. मोजता मोजता मागं उभं राहून ऐकायची. तेवढंच."

हे मलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ज्यांनी साऱ्या जगातल्या पोरांना भूगोल निवडून दिला, त्या एकाही वर्गात बाकावर बसल्या नव्हत्या. मार्तानं आपली खुर्ची थोडी सरकवली आणि माऊस अक्कांच्या हातात दिला.

शहराचं एक जुनं चित्र त्या माऊसनंच उघडलं. मार्ताला शहराच्या एका भागाची चाळीसेक वर्षांपूर्वीची आणि आताची अशी दोन चित्रं शेजारी लावून तुलना करायची होती. भाग कोणता घेऊ म्हणून तिनं विचारलं. अक्कांनी आपलं माहेर सांगितलं, शहराच्या पश्चिमेच्या अंगाला. जुन्या चित्रात मधोमध एक काळा डाग होता, कापलेल्या आंब्याच्या फोडीसारखा.

अक्कांनी बोट पडद्याला लावलं. एक गल्ली, दोन गल्ल्या, देऊळ. "हे आमचं तळं," त्या मराठीत म्हणाल्या. मग इंग्रजीत. "गौरी सोडायला जायचो आम्ही इथं. बहीण एकदा पडली होती. सगळे म्हणायचे, एवढं मोठं नव्हतं गं, तुला उगाच मोठं आठवतं. बघ. मोठंच होतं."

शेजारच्या चित्रात डाग नव्हता. घरंच घरं. पण मार्तानं दाखवलं, एक गल्ली मधेच वाकडी जात होती, नेमकी त्या फोडीच्या कडेनं.

रविवारी सकाळी आम्ही तिघी तिथं गेलो. अक्का के. आर. पुरमच्या आपल्या घरून आल्या, हातात छापलेलं चित्र, पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. त्या पुढे, मार्ता मागं, मी पाण्याच्या बाटल्या घेऊन. वाकड्या गल्लीत पायांना स्पष्ट उतार लागला. जुना बांध तो. मार्ता मधेच थांबली, परत मागं गेली, परत उतरली. "हे चित्रात दिसत नाही," ती म्हणाली.

"आणि मी इथं जन्मले, तरी हा वाक कशाचा ते मला चित्र बघेपर्यंत कळलं नाही," अक्का म्हणाल्या.

एका दारात एक म्हातारी गहू पाखडत बसली होती. अक्कांनी कन्नडात विचारपूस केली. म्हातारी सांगू लागली, दर पावसाळ्यात स्वयंपाकघरात पाणी येतं, गुडघाभर, कुठून येतं देव जाणे.

"ते येत नाही हो अम्मा," अक्का म्हणाल्या. "ते इथंच राहतं. आलात तुम्ही."

म्हातारी आधी रागावली, मग चित्र बघितल्यावर तिनं शेजारणीला हाक मारली, शेजारणीनं सासऱ्याला. तासाभरात गल्लीतली दहा-बारा माणसं त्या कागदावर आपापलं घर शोधत होती, आणि मार्ता दारं मोजत होती, पाणी कुणाच्या कुठल्या पायरीपर्यंत येतं ते लिहून घेत होती. आम्हाला कॉफी तीन घरांत प्यावी लागली.

तिनं प्रोजेक्ट त्यावरच केला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. चौथी जागा रिमोट सेन्सिंगनं घेतल्यामुळे 'पाणी आणि वस्ती' या विषयाचे तिला एकही क्रेडिट मिळणार नव्हते, तरी तिनं तो सोडला नाही. शेवटच्या फेरीपर्यंत चिखलातून हिंडली.

पोलंडची शेवटची ईमेल आली तेव्हा पुढच्या सेमिस्टरची मुलं यायला लागली होती. विषय मान्य, पदवी वेळेवर. मी मोठ्यानं वाचलं. अक्का "सरी" एवढंच म्हणाल्या, पण उठून भिंतीवर दोनदा थाप मारली, आणि पलीकडून सरांनी दोनदा उलट थाप मारली. मग अक्कांनी पदरानं चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसत राहिल्या.

दारात केनियाहून आलेला एक मुलगा उभा होता, हातात यादी. अक्कांनी त्याला बसवलं. हात सवयीनं कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी दोन्ही हात आपल्याच मांड्यांखाली दाबून ठेवले आणि विचारलं, "तुला काय शिकायचंय?"

हा प्रश्न त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकला. मुलगा बोलायला लागला. त्याच्या गावचा वारा, मग हवामान, मग बंदरं, मग आजोबांची होडी. पंधरा मिनिटं तो बोलत होता. अक्कांचं तोंड तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. कपाळाला घाम आला होता. हात मांड्यांखालून निघाले नाहीत. शेवटी त्यानं चार विषय सांगितले आणि फॉर्म पुढे केला.

अक्का माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "चारच्या चार चुकीचे घेतोय गं हा."

"मग?"

"मग काय! सही करते. त्याचं तो बघून घेऊ दे."

आणि खरंच केली.